‘दहा मिनिटांचेच तर काम आहे’ : छतावरच्या छोट्या कामाविषयीचा एक घातक सल्ला

छतावरच्या किरकोळ कामांबाबत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. काम दहा-पंधरा मिनिटांचे असेल तर शिडी बांधण्यात आणि सुरक्षा पट्टा लावण्यात अर्धा तास दवडू नये. माणूस जितका कमी वेळ वर, तितका धोका कमी. खाली शिडी धरायला एक जण पुरे. पट्ट्याची तर अडचणच होते. सरावाचा माणूस पडत नाही. आणि बैठ्या इमारतीवरून पडले तरी फार तर हातपाय मोडतो, असा त्याचा आशय आहे. तो व्यवहारी वाटतो, आणि म्हणूनच त्यातले एकेक विधान तपासून पाहायला हवे.

वेळ कमी म्हणून धोका कमी, हे गणितच चुकीच्या मापावर उभे आहे. शिडीवरून छतावर पाऊल टाकताना आणि परतताना एक पाय शिडीवर, दुसरा उतारावर असतो, हात शिडीवरून सुटत असतात आणि शरीराचा भार शिडीला बाजूला ढकलत असतो. काम दहा मिनिटांचे असो वा चार तासांचे, हा क्षण प्रत्येक खेपेत दोनदा येतो. किंबहुना छोट्या कामात तयारी कमी असल्याने पाना खाली राहतो, स्क्रू चुकीच्या मापाचा निघतो आणि एकाच्या तीन खेपा होतात. शिडीचे उभे दांडे वळचणीच्या वर सुमारे १ मीटर असावेत आणि वरचे टोक बांधलेले असावे, असे सांगतात ते याच क्षणासाठी. बांधायचे ते उभे दांडे, पायऱ्या नव्हेत. आणि प्लास्टिकच्या पन्हळीला तर मुळीच नाही.

खाली धरणाऱ्या माणसाबद्दल थोडक्यात सांगता येईल. दर ४ मीटर उंचीला पाया १ मीटर बाहेर, म्हणजे जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन असेल, तर शिडीचे पाय सरकू न देण्यात त्याची मदत होते. परंतु वरचे टोक भिंतीवरून आडवे घसरू लागले की शिडीची सगळी लांबी त्याच्या विरुद्ध काम करते आणि तळाशी उभा असलेला माणूस ती रोखू शकत नाही. वरचे टोक बांधून होईपर्यंत त्याने शिडी जरूर धरावी. बांधण्याला पर्याय म्हणून नव्हे.

पट्ट्याविषयीच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पट्ट्याला सुमारे २ मीटरचा दोर आणि पडल्यावर उलगडून धक्का शोषणारी पट्टी जोडली, तर दोराची लांबी, पट्टीचे उलगडणे, माणसाची उंची आणि थोडे राखीव अंतर मिळून अडकवलेल्या जागेखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. ३ मीटर उंचीच्या छतावरून पडणारा माणूस त्याआधीच जमिनीवर आदळू शकतो. धुराड्याच्या पाइपला किंवा अँटेनाच्या खांबाला अडकवलेला दोर तर निव्वळ समाधान देतो. पण यावरून पट्टा सोडून द्यावा असे ठरत नाही. दोर भक्कम आधाराला अडकवून इतका आखूड ठेवावा, की छताच्या कडेपर्यंत पोहोचताच येऊ नये. उतरत्या छतावर आढ्यापलीकडे आकडा अडकणारी छत-शिडीही हवी. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा नियामक संस्थेचे मार्गदर्शन हेच सांगते: तासांऐवजी मिनिटांत मोजल्या जाणाऱ्या कामासाठी कडेला पूर्ण कठडा उभारणे दरवेळी व्यवहार्य नसेल, पण त्याच्या जागी दुसरी व्यवस्था हवीच.

सराव तोल सांभाळायला शिकवतो. पत्र्याची ताकद मात्र नजरेला दिसत नाही. जुना सिमेंटचा पत्रा, किंवा रंगाखाली आणि शेवाळाखाली लपलेला प्लास्टिकचा उजेडाचा पत्रा पहिल्याच पावलाला फुटू शकतो, आणि बोल्टच्या रांगेवरून चालले म्हणजे निभावते हा समजही भरवशाचा नाही. इथे माणूस कडेवरून नव्हे, थेट छतातून खाली जातो.

राहिली उंची. ३ मीटरवरून पडायला ०.८ सेकंदांहूनही कमी वेळ लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. तेवढ्यात हात पुढे येतील की डोके, हे कोणी ठरवू शकत नाही. उंचीवरील कामाच्या ब्रिटिश नियमांनी २००५ मध्ये २ मीटरची जुनी मर्यादा, म्हणजे त्याखालच्या उंचीला काही कडक अटी लागू न करण्याची सवलत, काढून टाकली, ती उगाच नव्हे.

तयारीला कामापेक्षा जास्त वेळ लागतो, ही तक्रार मला खरी वाटते. तिचे उत्तर वर जाण्याआधी शोधावे. पन्हळ लांब दांड्याच्या साधनाने जमिनीवरूनच साफ होते का, गळती काठीला लावलेल्या कॅमेऱ्याने दिसते का, हे आधी पाहावे. वर जाणे टळत नसेल तर पन्हळ, सैल स्क्रू, फुटके कौल अशी कामे साठवून एकाच खेपेत करावीत, आणि शिडी नेहमी टेकते तिथे भिंतीत बांधणीची पक्की कडी कायमची बसवून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी शिडी बांधायला मिनिटभरच लागेल.