‘नको त्या वयात नको ते ज्ञान’: एका फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. माध्यमिक शाळेत लैंगिक शिक्षण आलं की मुलांचं कुतूहल चाळवतं आणि ती लवकर भलत्या वाटेला लागतात. विज्ञानात पुनरुत्पादनाचा धडा आहे, तेवढा पुरे. बाकीचं आईवडील बघतील. स्त्री-पुरुष समतेचा तर इथे संबंधच नाही, ती कुणाचीतरी विचारसरणी मुलांच्या गळी उतरवण्याची युक्ती आहे. आणि शेवटी: हे शिकवणार कोण? शिक्षकच लाजतात.

शेवटचा मुद्दा मला पटतो. त्याच्याकडे शेवटीच येतो.

कुतूहल चाळवण्याचा दावा निदान तपासता येतो, आणि तो भरपूर तपासला गेला आहे. युनेस्कोने २०१८ साली या विषयाची सुधारित मार्गदर्शिका काढली, तिच्यासाठी २२ पद्धतशीर आढावे (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष) आणि ७७ यादृच्छिक चाचण्या (म्हणजे कुणाला शिकवायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेली तुलना) पाहिल्या गेल्या. असं शिक्षण मिळालेल्या मुलांचे शरीरसंबंध त्यामुळे लवकर सुरू झाले किंवा वाढले, असं त्यात आढळलं नाही. काही कार्यक्रमांत तर सुरुवात लांबलीच. उलट बाजूचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत ‘लग्नापर्यंत संयम’ एवढंच शिकवणाऱ्या वर्गांवर सरकारने बराच पैसा ओतला. अशा चार कार्यक्रमांचं मूल्यमापन तिथल्या संसदेच्याच सांगण्यावरून झालं. २००७ मध्ये अहवाल आला. ज्यांना संयमाचे धडे मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत, त्या दोन्ही गटांत जवळपास निम्मी मुलं संबंधांपासून दूर राहिली होती, आणि ज्यांचे संबंध आले त्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वयही दोन्हीकडे सारखंच, १४.९ वर्षं. बोलल्याने मुलं बिघडत नाहीत, तशी नुसत्या उपदेशाने थांबतही नाहीत.

विज्ञानाच्या धड्याचं म्हणाल, तर तो आवश्यकच आहे. पण तो पेशींची गोष्ट सांगतो, आणि मुलांचे प्रश्न पेशींचे नसतात. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी वर्गात ठेवली की काय निघतं, याचा विचार करून बघा. पाळी दोन महिने आली नाही, मला काही झालंय का? (पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असणं अगदी सामान्य आहे. हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर एका मुलीच्या कितीतरी रात्री शांत गेल्या असत्या.) झोपेत वीर्य गेल्याने ताकद जाते का? तो म्हणतो फोटो पाठव, नाहीतर बोलणार नाही, काय करू? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या आकृतीत सापडणार?

शिवाय शाळा गप्प बसली म्हणून मुलं शिकायची थांबत नाहीत. त्यांना भाषाच शिकवत असते. झोपेत वीर्यस्खलन होणं ही वयात येण्याची साधी खूण. आपण तिला ‘स्वप्नदोष’ म्हणतो. दोष! म्हणजे शब्द कानावर पडताक्षणी मुलगा स्वतःला आजारी समजू लागतो, आणि ताकदीच्या गोळ्या विकणाऱ्यांचं गिऱ्हाईक तयार होतं. पाळीला ‘विटाळ’. अवयव ‘गुप्त’, रोगही ‘गुप्त’. मुलीच्या अंगाला हात लावला तर ‘छेड काढली’, जणू सतारीची तार छेडावी तशी काही गंमत झाली. बलात्कार झाला तर ‘तिची अब्रू गेली’. करणाऱ्याची अब्रू शाबूत. हा अभ्यासक्रम बिनबोभाट चालूच आहे, त्याला कुणी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही.

आईवडिलांनी बोलावं, जरूर बोलावं. जे बोलतात त्यांच्या मुलांनाही शाळेत ऐकून काही तोटा होत नाही. प्रश्न आहे तो ज्या घरांत हा विषय निघत नाही त्यांचा, आणि त्याहून अवघड म्हणजे, जिथे त्रास घरातूनच होतो त्यांचा. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीचीच असते, कित्येकदा नात्यातली. त्या मुलीला किंवा मुलाला ‘घरी विचार’ हे उत्तर कसं द्यायचं? शाळेत स्वसंरक्षणाचे धडे दिल्याने मुलं घाबरट होतात, अशीही एक भीती असते. अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा, संशोधनाचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. मुलांची समज वाढल्याचं दिसलं, भीती किंवा चिंता वाढल्याचं दिसलं नाही.

आता समतेचा मुद्दा. फॉरवर्डमध्ये तो एका ओळीत उडवलेला असतो, पण खरी मेख तिथेच आहे. आधी विरोधकांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी ते स्वतः कधी सांगत नाहीत. कॉक्रेनचाच २०१६ चा एक आढावा आहे. आठ चाचण्या, ५५ हजारांवर विद्यार्थी. निष्कर्ष असा की शाळेतल्या नुसत्या वर्गांमुळे एचआयव्ही किंवा किशोरवयातली गर्भारपणं कमी झाल्याचं सिद्ध होत नाही. लैंगिक शिक्षण म्हणजे रामबाण, असं सांगणाऱ्यांनी हा आढावा जरूर वाचावा.

मग काही कार्यक्रम यशस्वी आणि काही फुकट, असं का? निकोल हॅबरलँड या संशोधिकेने २०१५ मध्ये अशा २२ कार्यक्रमांची तुलना केली. त्यातले १० कार्यक्रम मुलगा-मुलगी यांच्यातल्या सत्तेबद्दल, कुणाचं चालतं आणि कुणाला ऐकावं लागतं याबद्दल, उघड बोलत होते. त्या १० पैकी ८ मध्ये गर्भारपणं किंवा लैंगिक संसर्ग कमी झाले. उरलेले १२ हा विषय टाळत होते. त्यातल्या फक्त २ मध्ये तसा फरक पडला. आकडे लहान आहेत, मान्य. पण कारण समजायला जड नाही. निरोधाची सगळी माहिती पाठ असलेल्या मुलीला ‘वापर’ म्हणायची हिंमतच नसेल, तर त्या माहितीचं ती काय करणार? आणि मुलीच्या ‘नाही’चा अर्थ ‘अजून थोडा आग्रह कर’ असा घ्यायला शिकलेल्या मुलाला शुक्राणूंची लांबी सांगून काय बदलणार?

समतेच्या वर्गांनी मुलगे मुलींवर चिडतात, असंही म्हटलं जातं. हरियाणात ३१४ सरकारी शाळांत हे मोजलं गेलं. काही शाळांमध्ये सातवी-आठवीपासून अडीच वर्षं, साधारण दर तीन आठवड्यांनी पाऊण तास, मुलामुलींशी या विषयावर चर्चा झाली. बाकीच्या शाळांशी तुलना करता जुनाट मतांपैकी सुमारे १६ टक्के मतं बदलली. मुलगे घरकामात जास्त हात लावतो म्हणाले, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही परिणाम टिकून होता. मुलींच्या शिक्षणाच्या आकांक्षा मात्र फारशा वाढल्या नाहीत. त्या आधीच उंच होत्या.

राहिला शिक्षकांच्या लाजण्याचा मुद्दा. तो खरा आहे, आणि मुलंही तेच सांगतात. दहा देशांतल्या तरुणांच्या अनुभवांवरचे ५५ अभ्यास २०१६ मध्ये एकत्र वाचले गेले. रोज गणित शिकवणाऱ्या बाईंनी किंवा सरांनीच हा विषय घ्यावा हे अनेकांना नकोसं वाटतं, शिक्षक गोरेमोरे होतात, एकत्र वर्गात मुलगे टवाळी करतात आणि मुली गप्प होतात. यावर उपाय म्हणजे तास रद्द करणं नव्हे. प्रशिक्षण घेतलेली बाहेरची व्यक्ती आणता येते, काही तास मुलामुलींचे वेगळे घेता येतात, चिठ्ठ्यांची पेटी ठेवता येते. त्याच अभ्यासांत मुलांची आणखी एक तक्रार आहे, जी फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना बुचकळ्यात टाकेल: आम्हाला हे सगळं फार उशिरा सांगितलं.