100 व्होल्ट गेले कुठे?

नमस्कार काका,

पंख्याच्या रेग्युलेटरवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. त्यातला अर्धा मार मला मान्य आहे. आधी न मान्य असलेल्या अर्ध्याबद्दल बोलतो.

कंडेन्सरचा (वीज क्षणभर साठवून परत देणाऱ्या भागाचा) रेग्युलेटर स्वतः वीज जाळत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "230 व्होल्टमधले 130 पंख्याला गेले, तर उरलेले 100 गेले कुठे? ते जळणारच. पुस्तकं वाचून लिहू नका, मीटर लावून बघा." कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत तीस वर्षं पंख्यांचं वाइंडिंग (आतली तारेची वेटोळी) भरणाऱ्या माणसाने असं म्हटल्यावर गप्प कसा बसणार?

रविवारी मीटर लावला. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 1200 ओमचा रेझिस्टर (करंट अडवणारा भाग) आणि जुन्या पंख्यातून काढलेला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, सगळं सीरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेलं. रेझिस्टरवर 8.2 व्होल्ट मिळाले, कंडेन्सरवर 8.7. बेरीज 16.9! आत गेले 12 आणि वाटणीला आले जवळजवळ 17. आई म्हणाली, मीटरचा सेल गेला असेल. सेल बदलला, तरी आकडे तेच.

काका, तुमचा प्रश्न इथेच अडतो. व्होल्टची बेरीज-वजाबाकी रुपयांसारखी होते असं आपण धरून चालतो. दोन रेझिस्टर असतील तर ती तशी होतेही. पण कंडेन्सरवरचा व्होल्टेज करंटच्या मागून येतो, पाव फेरी उशिरा. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची एक फेरी 20 मिलिसेकंदांची, म्हणजे 5 मिलिसेकंद उशिरा. रेझिस्टरवरचा व्होल्टेज भरात असतो तेव्हा कंडेन्सरवर शून्य असतं. म्हणून इथे काटकोन त्रिकोणाचा हिशोब लागतो: 8.2 चा वर्ग अधिक 8.7 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढा. 12 च्या अगदी जवळ येतं.

आणि जळण्याचं? कंडेन्सर पाव फेरीत ऊर्जा घेतो, पुढच्या पाव फेरीत परत देतो. शेजारणीकडून सकाळी वाटीभर साखर आणली आणि संध्याकाळी परत केली, तर महिन्याच्या वाण्याच्या बिलात ती दिसते का? (ने-आण करताना थोडी सांडते, तसा वायरमध्ये किंचित तोटा होतोच. उद्यमनगरातले कारखानदार पॉवर फॅक्टरच्या, म्हणजे आलेल्या विजेतला किती भाग खरोखर कामी येतो त्याच्या, मागे लागतात ते या ने-आणीमुळेच.)

जुन्या चौकोनी डब्यात, म्हणजे तारेच्या रेझिस्टरच्या रेग्युलेटरमध्ये, असं परत देणं नाही. समजा पंखा हळू ठेवला, करंट 0.2 अँपिअर आणि आतली तार 500 ओमची. 0.2 गुणिले 0.2 गुणिले 500, म्हणजे 20 वॅट नुसती उष्णता. तुम्ही त्या डब्यावर हात ठेवलाच असेल. रोज दहा तास धरले तर महिन्याला 6 युनिट. पंखा फुल्लवर असेल तेव्हा मात्र दोन्हींत काही फरक नाही, हे मी लेखात लिहायला हवं होतं. जुना डबा जास्त टिकतो, हेही तुमचं खरंच.

आता मान्य असलेला मार. "स्विच बंद केला की लगेच रेग्युलेटर उघडा" असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं आणि धोक्याचंही. कंडेन्सरवरचा व्होल्टेज शिखरावर असताना स्विच बंद झाला तर त्यावर 325 व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त उरू शकतात. शाळेत असताना स्क्रूड्रायव्हरने दोन टोकं जोडून मी ती ठिणगी पाहिलीय, तरी लिहिताना विसरलो. म्हणूनच कंडेन्सरच्या दोन टोकांना समांतर रेझिस्टर देतात. अडीच मायक्रोफॅरडला 1 मेगाओम दिला तर दर अडीच सेकंदांनी चार्ज आधीच्या साधारण 37 टक्क्यांवर येतो आणि बारा-तेरा सेकंदांत एक टक्क्याच्याही खाली. पण तो रेझिस्टर तुटलेला असला तर बाहेरून काही कळत नाही. तेव्हा आधी मोजायचं, मग हात लावायचा. लेखातली ओळ तशी बदलली आहे.

माझा प्रयोग तुम्ही चालू पंख्यावर करणार असाल तर जपून करा. तिथे पंख्याच्या वाइंडिंगमुळे गणित आणखी फिरतं. कंडेन्सरवर 230 पेक्षा जास्त दिसले तरी तुमचा मीटर ठीक आहे.