टॉर्चला माझं लोकेशन कशाला हवंय?

टॉर्चच्या अ‍ॅपला माझं लोकेशन कशाला हवंय? कॅल्क्युलेटरला कॉन्टॅक्ट्स कशाला? वॉलपेपर बदलायचा तर मायक्रोफोन का उघडून द्यायचा? डोकं फिरतं अगदी! नकार दिला की अ‍ॅप पुढे सरकतच नाही. 'परवानगी द्या' हे बटण मोठं, निळं, ठसठशीत. नकार मात्र खाली कोपऱ्यात, फिकट राखाडी अक्षरांत, आणि तोही 'आत्ता नको' असा. अहो, आत्ता नको नाही, कधीच नको! तेवढं बटण द्यायला काय जातं तुमचं?

आणि हा नुसता संशय नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्च अ‍ॅपला धरलं होतं. लोकांनी अटी मान्य करायच्या आधीच त्यांचं लोकेशन आणि फोनचा ओळख क्रमांक बाहेर जात होता, जाहिरातवाल्यांकडे! दोन वर्षांनी आलेल्या अँड्रॉइड ६ पासून परवानग्या एकेक करून विचारतात, नंतर काढूनही घेता येतात. पण मागणाऱ्यांची हाव तीच.

सगळ्यात संताप येतो तो कॉन्टॅक्ट्सचा. त्या यादीतल्या कुणी होकार दिलाय? त्यांचे नंबर परस्पर तुमच्या हवाली करणारा मी कोण?