पुढच्या साथीत सर्जन कसं व्हावं: काही अनुभवसिद्ध सूचना

एमएसला, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश मिळाला? अभिनंदन. आता एवढंच बघा की तुमच्या तीन वर्षांत जगात कुठे नवा विषाणू निघत नाहीये ना. निघणार असेल तर प्रवेश पुढे ढकला. ते जमत नसेल तर खालच्या सूचना उतरवून घ्या. मी २०१९ साली मुंबईत जनरल सर्जरीला लागले आणि पुढच्याच वर्षी कोविड आला, त्यामुळे हा विषय मला चांगला येतो. सर्जरी येते का, याबद्दल मात्र लोकांना शंका आहे. त्यावर पुढे बोलूच.

सर्वात आधी रुग्णांना समज द्या. पित्ताशयातल्या खड्याने दोन वर्षं गप्प बसावं. हर्नियाने अडकू नये. थायरॉइडच्या गाठीने वाढू नये. २० मार्च २०२० ला केंद्राची सूचना आली की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. योग्यच होतं, खाटा आणि ऑक्सिजन मोकळे ठेवायला हवे होते. फक्त रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर, शिकतो तो नेमका या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांवर. पहिलं वर्ष रक्त काढण्यात, रिपोर्टमागे पळण्यात आणि ड्रेसिंगमध्ये जातं. दुसऱ्या वर्षी हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स हातात येतात. सर टेबलाच्या पलीकडे उभे राहून ओरडतात आणि ओरडून घेता घेता हात बसतो. माझं दुसरं वर्ष सुरू व्हायला आणि ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, यादी कोरी व्हायला एकच गाठ पडली.

ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या विभागाला, असाल तर लोकलच्या भरवशावर राहू नका. २०२० च्या मार्चअखेरीस लोकल थांबली, रस्ते ओस पडले, आणि कधीच संपत नाही असं सगळे म्हणायचे ती ट्रॉमाची, म्हणजे अपघातातल्या जखमींची, रांग आटली. यावर आनंद मानावा की दुःख, हे ज्याने त्याने ठरवावं.

रेडिओलॉजीवाल्यांनी सीटी स्कॅनवर एकच छाती पुन्हा पुन्हा वाचावी आणि कोविडने फुफ्फुसं किती बिघडली याचे पंचवीसपैकी गुण द्यावेत.

डोळेवाल्यांनी मोतीबिंदू पिकत ठेवावेत.

कान-नाक-घशावाल्यांनी टॉन्सिल आणि कानाचे पडदे विसरावेत. २०२१ मध्ये म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आलंच, मग कुजलेली सायनस खरवडायची इतकी संधी मिळाली की नको म्हणायची वेळ आली.

इमर्जन्सी आली तरी ओटीत शिरायचा हट्ट धरू नका. आत कमीत कमी माणसं, सर्वात अनुभवी हात, आणि लवकरात लवकर बाहेर, हा नियम. नियम शहाणपणाचा होता, मी स्वतः केला असता तरी हाच केला असता. पण सर्वात अनुभवी हात रेसिडेंटचा नसतो, हेही सांगायला नको. लॅपरोस्कोपीत पोटात भरलेला वायू बाहेर पडताना विषाणू घेऊन येईल अशी धास्ती होती, म्हणून सुरुवातीला दुर्बीणही कपाटात गेली. तुम्ही बाहेर उभे राहून स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघावी. वाट बघणंही एक कौशल्यच आहे.

वेबिनार चुकवू नका. कुठलेतरी मोठे सर घरच्या सोफ्यावरून हर्नियाचा व्हिडिओ दाखवतात, शेवटी ‘कुणाला काही शंका?’ म्हणतात आणि दोन मिनिटांत प्रमाणपत्र मेलवर येतं. व्हिडिओ बघून मोदकाच्या कळ्या पाडता येत असतील, तर हर्नियाची जाळी (मेश) बसवणंही येईल. सरावासाठी हॉस्टेलच्या खोलीत पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, आत मोबाईलचा कॅमेरा लावा, झाली तुमची लॅपरोस्कोपी. गाठी मारायला खिडकीचा गज उत्तम. तो रक्तस्राव करत नाही आणि त्याचे नातेवाईक बाहेर थांबलेले नसतात.

तिसऱ्या वर्षी तरी हाताखाली ज्युनियर येतील, अशी आशा ठेवू नका. १८ एप्रिल २०२१ ला होणारी नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा ११ सप्टेंबरला झाली आणि कौन्सेलिंग सुरू व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला. तोवर सर्वात सिनियर रेसिडेंटनेच सॅम्पल घेऊन लॅबकडे पळावं. चालणं तब्येतीला चांगलं.

आणि सन्मानाला नाही म्हणू नका. ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून आमच्यावर फुलं पडली. बरोबर वर्षाने, ३ मे २०२१ ला निर्णय झाला की नवी बॅच येईपर्यंत शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटना कामावर ठेवता येईल, आणि कोविडची १०० दिवस ड्यूटी करणाऱ्यांना पंतप्रधानांच्या नावाचा सन्मान. शस्त्रक्रिया कधी शिकवणार, याची तारीख दोन्ही वर्षी द्यायची राहून गेली.

आता मुलाखतीची तयारी. यावर जरा जास्त लिहिते, कारण हे ताजं आहे. गेल्या महिन्यात उपनगरातल्या एका चकचकीत खासगी रुग्णालयात गेले होते. पॅनेलवरच्या ज्येष्ठ सरांनी फाईल उघडली, वर्ष बघितलं, शेजारच्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, “अच्छा, कोविड बॅच! मग ऑपरेट करता येतं ना, की फक्त स्वॅब?” अशा वेळी नम्र हसावं. मीही हसले. मग लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, पुढे करावं. ते उघडू नये याची काळजी सर घेतील. पगार कमी सांगतील, तोही हसून ऐकावा, कारण ‘तुम्हाला अजून शिकायचंय ना’. आणि शिकवणार कोण? कुणीच नाही. मी विचारलं की सर, सुरुवातीच्या केसेसना तुम्ही सोबत उभे राहाल का? तर म्हणे, आमच्याकडे तयार माणूस लागतो.

तयार माणूस! अहो सर, ज्या वर्षी मी तयार व्हायची, त्या वर्षी मी पीपीईच्या आत घामाने भिजून लोकांना पालथं झोपवत होते, कारण पालथं झोपवल्यावर त्यांचा ऑक्सिजन चढत होता. सर्जरीच्या पुस्तकात हे नाही. श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅपचा मास्क कसा धरायचा, रात्री तीन वाजता मुलाला फोनवर बाप गेल्याचं कसं सांगायचं, हेही नाही. मुंबईतल्या नायरसारखं आख्खं रुग्णालय २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडचं केलं, तेव्हा तिथल्या त्वचारोगवाल्यांपासून मानसोपचारवाल्यांपर्यंत सगळ्यांची वॉर्डात गरज होती. तेव्हा कुणी नाही विचारलं, तुम्हाला हे येतं का म्हणून. त्याच दिवसांत शहरातल्या कितीतरी दवाखान्यांच्या शटरवर ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ असा कागद होता. त्या कागदामागचे लोक आज आमची परीक्षा घेतात.

आणि महाविद्यालयांनो, तुमचं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्डने, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेने, संप केला तेव्हा फीमाफीची मागणी होती. साधा हिशोब होता, शिकवलं नाही तर फी कसली? फी घेता, तर गेलेले महिने भरून द्या. ज्याला हव्यात त्याला पगारी सहा महिने वाढवून द्या, फक्त ओटीत उभं राहायला, बाकी कागद भरायला नको. सरावाच्या स्किल लॅबला कुलूप लावून किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आम्हाला रविवारीही यायचंय. हर्नियाचे रुग्ण आजही तुमच्या ओपीडीत तारखा घेऊन बसलेत, शिकवणारे सरही अजून निवृत्त झालेले नाहीत. दोघांना एका टेबलाशी आणून तिथे आम्हाला उभं करायला कुठला विषाणू आडवा येतोय, तेवढं लेखी कळवा.