हॅरी केवेलला नाटकी म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक जुनी चित्रफीत टाकली. 2005 सालची चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत, इस्तंबूल. 23व्या मिनिटाला इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा ऑस्ट्रेलियन खेळाडू हॅरी केवेल दुखापतीमुळे मैदान सोडतो आहे आणि लिव्हरपूलचेच काही पाठीराखे त्याची हुर्यो उडवत आहेत. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि ‘काचेचा माणूस’, ‘फुकटचे पदक’ (तो सामना लिव्हरपूलने जिंकला होता) अशी शेलकी विशेषणे. ही माणसे माझे मित्र आहेत, म्हणूनच राग अधिक आला.

ही हुर्यो मी घरात भोगलेली आहे. माझा आतेभाऊ कोल्हापुरात एका पेठेच्या संघाकडून डाव्या बगलेवर खेळायचा. शाहू स्टेडियमवरच्या एका सामन्यात चेंडूमागे पळता पळता त्याच्या जांघेतला स्नायू फाटला. त्याने बदली खेळाडूसाठी हात वर केला, तर गॅलरीतून आपल्याच लोकांचा ओरडा सुरू झाला, “नाटक करतोय, उठवा त्याला!” दादा कठड्याला टेकून बसला होता, एका पायातला बूट त्याने कसाबसा काढला होता, पण दुसऱ्या पायाला तो कुणाला हात लावू देत नव्हता. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभा होतो आणि वरचा प्रत्येक शब्द आम्हा दोघांना स्वच्छ ऐकू येत होता.

केवेलचा स्नायूही तसाच फाटला होता. अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा प्रशिक्षक बेनितेझने मधल्या फळीतल्या हामानला बाहेर बसवून त्याला घेतले, हा निर्णय चुकीचा ठरला असेल. पण तो प्रशिक्षकाचा निर्णय होता, खेळाडूचा गुन्हा नव्हे. पुढच्याच वर्षी एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही तो दुखापतीने बाहेर पडला. लिव्हरपूलकडे तो अपेक्षेइतका खेळला नाही, हे मान्य. पण शरीराने साथ सोडणे आणि माणसाने अंग चोरणे यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी खेळावर बोलूच नये.

आणि हा माणूस होता कोण, हे तरी आठवा. सिडनीचा मुलगा, सतराव्या वर्षी इंग्लंडमधल्या लीड्स क्लबच्या पहिल्या संघात. 1997 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, विश्वचषकाच्या पात्रतेसाठी इराणविरुद्ध तेहरान आणि मेलबर्न अशा दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. मेलबर्नमधली दोन गोलांची आघाडी ऑस्ट्रेलियाने गमावली, त्यात त्याचा काय दोष? 2000 साली इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडले. 2003 मध्ये लंडनच्या अप्टन पार्क मैदानावर त्याने इंग्लंडचा बचावपटू रिओ फर्डिनंडकडून चेंडू हिसकावला, गोलरक्षक डेव्हिड जेम्सला वळसा घातला आणि अवघड कोनातून चेंडू जाळ्यात ढकलला. इंग्लंडला त्यांच्याच घरात 3-1 हरवणाऱ्या संघातला तो गोल कितीही वेळा पाहावा.

दादाच्या त्या सामन्यानंतर एक गोष्ट मला सतत सलत राहिली. ओरडणाऱ्यांपैकी कुणीही नंतर घरी येऊन त्याची विचारपूस केली नाही. आत्या दारात बसून वाट पाहायची. तो पुन्हा खेळला, पण वेग गेला होता, आणि तेच लोक म्हणाले, “आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

केवेलच्या बाबतीतही लोक नेमके नको ते लक्षात ठेवतात. 2006 च्या विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया आणि क्रोएशिया यांच्यातला सामना पंचांनी एकाच खेळाडूला तीन पिवळी कार्डे दाखवली म्हणून सर्वांना आठवतो. पण 79व्या मिनिटाला बरोबरीचा गोल करून ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच बाद फेरीत नेणारा केवेल होता, हे कुणी सांगत नाही. पुढच्या, इटलीविरुद्धच्या सामन्यात पायाच्या दुखण्याने त्याला खेळता आले नाही. तेव्हाही तो नाटक करत होता का?

2008 मध्ये तो इस्तंबूलच्या गलातासराय क्लबकडे गेला, याचा लीड्सच्या लोकांना आलेला राग मात्र मी समजू शकतो; त्यांचे दोन पाठीराखे 2000 साली इस्तंबूलमध्ये मारले गेले होते आणि त्या दुःखापुढे माझा युक्तिवाद चालत नाही. पण तो राग निराळा आहे. त्याचा दुखापतींची टिंगल करण्याशी काहीही संबंध नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, कारण 2011 चा आशियाई चषक आठवला. दोह्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला, म्हणजे भारताला, 4-0 हरवले, त्यातला दुसरा गोल केवेलचा होता. आपल्या संघाविरुद्धचा असूनही, बत्तीस वर्षांचा हा माणूस इतक्या दुखापतींनंतर अजून खेळतो आहे, याचा मला मनापासून आनंद झाला होता, आणि तेव्हा मला दादाच आठवला होता. त्याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत इराकविरुद्ध, जादा वेळेची अवघी काही मिनिटे उरली असताना, केवेलने सामन्यातला एकमेव गोल केला. अंतिम सामन्यात जपानकडून ते हरले.

ग्रुपवरच्या मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी दादाला खेळताना पाहिले आहे. ती चित्रफीत आजच काढून टाका, आणि टाकायचीच असेल तर अप्टन पार्कचा गोल टाका.