जुन्या फ्लँजरची जादू चिपमध्ये नाही

गिटारवादकांमध्ये एक विधान सतत फिरत असते: १९७० च्या दशकातल्या फ्लँजर पेडलचा (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या छोट्या पेटीचा) आवाज आजच्या कोणत्याही पेडलमधून निघूच शकत नाही. त्याच्या समर्थनार्थ साधारणपणे चार गोष्टी सांगितल्या जातात. जुने पेडल टेपवरच्या मूळ फ्लँजिंगच्या सर्वांत जवळचे होते; डिजिटल पेडल आवाजाचे तुकडे करते, जुने मात्र तो अखंड ठेवत असे; जुन्या चिपचा स्वतःचा असा एक आवाज होता आणि ती चिप आता बनत नाही; आणि एवढ्यावरही न पटल्यास, त्या काळातली ध्वनिमुद्रणे ऐका. यांपैकी तिसऱ्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो कुठे आहे हे पुढे येईलच. बाकीचे तीन मुद्दे तपासले की फारसे टिकत नाहीत.

आधी फ्लँजर काय करतो ते थोडक्यात पाहू. तो मूळ आवाजात त्याचीच काही मिलिसेकंद उशिरा आलेली प्रत मिसळतो. विलंब १ मिलिसेकंद असेल, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि तिथे खाचा पडतात. १०००, २००० हर्ट्झला त्या एकमेकींना उचलतात. आलेख काढला तर तो कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. विलंब हळूहळू कमीजास्त केला की हे दात वरखाली सरकतात (या सरकण्यालाच स्वीप म्हणतात), आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा तो ओळखीचा आवाज ऐकू येतो.

आता टेपचा मुद्दा. स्टुडिओत हा परिणाम मिळवताना एकच ध्वनिमुद्रण दोन टेप यंत्रांवर एकाच वेळी वाजवत आणि एका यंत्राच्या रिळाच्या कडेला बोटाने किंचित दाब देत. ते यंत्र मागे पडे. मग दुसऱ्या रिळाला दाब दिला की पहिले यंत्र त्याला गाठून पुढे निघून जाई. ज्या क्षणी दोन्ही यंत्रे तंतोतंत बरोबरीत येत, त्या क्षणी विलंब शून्य होऊन खाचा ऐकू येण्याच्या कक्षेबाहेर वर निघून जात आणि लगेच परत खाली येत. टेप फ्लँजिंगचा सगळा थरार त्या शून्य ओलांडण्यात आहे. जुन्या पेडलमध्ये मूळ आवाज थेट पुढे जातो आणि फक्त प्रत उशिरा येते, त्यामुळे प्रत मूळ आवाजाच्या पुढे कधीच जाऊ शकत नाही. शून्य ओलांडायचे तर मूळ आवाजालाही थोडे थांबवून ठेवावे लागते, म्हणजेच विलंबाची दुसरी ओळ लागते. ती त्या काळच्या सर्वसामान्य पेडलमध्ये नव्हती. स्ट्रायमनच्या डेकोसारखी काही आधुनिक पेडल हे करतात आणि तेही डिजिटल असून. टेपशी जवळीक हाच निकष लावायचा असेल, तर पारडे नव्याकडे झुकते.

तुकड्यांचा मुद्दा मला सर्वांत गमतीशीर वाटतो, कारण जुन्या पेडलच्या आत काय आहे हे न पाहताच तो मांडला जातो. त्यातली विलंबाची चिप म्हणजे बकेट ब्रिगेड. तिची कल्पना फिलिप्समधील सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ मध्ये मांडली. आग विझवायला माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसा या चिपमध्ये विद्युतभार एका कपॅसिटरमधून (भार साठवणाऱ्या भागातून) पुढच्या कपॅसिटरमध्ये ओतला जातो. ही ओतणी क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या सर्किटच्या, प्रत्येक ठोक्याला होते. म्हणजे आवाज सलग वाहत नाही; ठोक्याठोक्याला त्याचे मोजके नमुने घेतले जातात आणि तेच पुढे सरकतात. काळाच्या बाबतीत ही चिप डिजिटल पेडलइतकीच तुकड्यांत काम करते. फक्त प्रत्येक तुकड्याची उंची अंकांत न बदलता भाराच्या रूपात तशीच राहते. एका ठोक्यात नमुना दोन टप्पे, म्हणजे दोन कपॅसिटर, पुढे सरकतो; त्यामुळे १०२४ टप्प्यांच्या चिपमधून सुमारे १० मिलिसेकंदांचा विलंब हवा असेल तर क्लॉक सेकंदाला साधारण ५० हजार ठोक्यांवर ठेवावे लागते. डिजिटल पेडलमध्ये सेकंदाला ४८ हजार नमुने ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एवढ्या जवळच्या दोन आकड्यांपैकी एकाला अखंड आणि दुसऱ्याला तुकडे म्हणणे कठीण आहे.

डिजिटल फ्लँजर पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो ही तक्रार मात्र निराधार नाही. दोन नमुन्यांच्या मधला विलंब हवा असेल तर तो गणिताने काढावा लागतो, आणि हे गणित ओबडधोबड असले तर संथ स्वीपमध्ये खरखर येते किंवा वरचे सूर बोथट होतात. पण तो त्या पेडलच्या कामातला कच्चेपणा झाला. चांगल्या पेडलमध्ये हा प्रश्न सुटलेला असतो.

तथ्याचा अंश आहे तो चिपच्या मुद्द्यात. रेटिकॉन कंपनीची एसएडी १०२४ ही चिप १९७६ च्या इलेक्ट्रिक मिस्ट्रेस या फ्लँजर पेडलमध्ये आणि १९७७ च्या एडीए फ्लँजरमध्ये होती, आणि तिचे उत्पादन खरोखरच केव्हाचे बंद झाले आहे. तिचे वैशिष्ट्य असे की तिचे क्लॉक फार वेगाने चालवता येई, थेट १५ लाख हर्ट्झपर्यंत. पॅनासोनिकची एमएन ३००७ ही पुढे सर्वत्र वापरली गेलेली चिपही १०२४ टप्प्यांचीच, पण तिच्या माहितीपत्रकात क्लॉकची मर्यादा १ लाख हर्ट्झ आहे. या मर्यादेत राहिले तर तिचा सर्वांत कमी विलंब ५.१२ मिलिसेकंद होतो, म्हणजे पहिली खाच १०० हर्ट्झच्या आसपास. अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत यायचे तर क्लॉक त्याच्या दसपट पळवावे लागेल. स्वीप वर जाऊन उघडतो तो याच टोकाला, आणि पुढच्या काळातली बरीच पेडल तिथे पोहोचतच नव्हती. ज्यांनी जुने पेडल ऐकले आणि नंतर असले एखादे घेतले, त्यांची निराशा खरी होती.

परंतु ही निराशा कशामुळे झाली? स्वीपच्या पल्ल्यामुळे. चिपच्या अंगच्या सुरामुळे नव्हे. पल्ला इतर मार्गांनीही वाढवता येतो: क्लॉकला ताकदीचा बफर (ठोक्यांना जोर देणारे जादा सर्किट) देऊन नंतरच्या चिपही मर्यादेपलीकडे पळवल्या जातात, कमी टप्प्यांची चिप वापरता येते, आणि डिजिटलमध्ये तर हे बंधनच नाही. पल्ल्याइतकाच स्वीपचा आकारही महत्त्वाचा असतो. स्वीप वरच्या टोकाला किती वेळ रेंगाळतो, खाली किती झपकन येतो, हे क्लॉक चालवणाऱ्या सर्किटवर ठरते, चिपवर नाही. ‘जुन्याची चाल वेगळी होती’ असे कोणी म्हणाले तर मी लगेच मान्य करीन. ‘जुन्या चिपचा आवाज वेगळा होता’ याला मात्र पुरावा मागेन.

इथे एक अनुभव सांगतो. एकाच मॉडेलचे, जवळजवळ एकाच वयाचे दोन जुने फ्लँजर माझ्यासमोर आले. एकाचा आवाज घशात खोल गेल्यासारखा, दुसऱ्याचा पातळ. मालकाची खात्री होती की पहिल्यातली चिप चांगल्या खेपेतली आहे. मागची पट्टी काढली, लहान पेचकस घेतला आणि दुसऱ्यातला फीडबॅकचा, म्हणजे उशिरा आलेली प्रत किती परत आत जाते ते ठरवणारा, ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा स्क्रू) केसभर फिरवला. पातळपणा गेला. मग बायसचा (चिपला लागणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा) ट्रिमपॉट जागेवर आणला आणि तारा छेडल्यावर येणारा चिरका आवाजही गेला. दोन्ही एकापाठोपाठ लावल्यावर कोणते कोणते हे मालकालाही सांगता येईना. यामागचे गणित सोपे आहे. प्रतीचा ०.८ भाग परत आत गेला तर उंचवटे पाचपट होतात, म्हणजे १४ डेसिबल, ०.९ भाग गेला तर दहापट, म्हणजे २० डेसिबल. एवढ्याशा फरकाने ६ डेसिबल बदलतात. खाचांचेही तसेच: प्रत मूळ आवाजापेक्षा दहा टक्क्यांनी क्षीण असेल तर खाच मूळ पातळीच्या २० डेसिबल खालीच थांबते; हा फरक एक टक्क्यावर आणला तर ती ४० डेसिबलपर्यंत उतरते. चार दशकांत ट्रिमपॉट आणि कपॅसिटर जागेवरून ढळतात, आणि ज्याला आपण त्या काळचा आवाज म्हणतो तो पुष्कळदा त्या एका पेडलचा आजचा बिघाड असतो. तो बिघाड कानाला गोडही लागू शकतो, हे मान्य.

ध्वनिमुद्रणांच्या पुराव्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ‘द पोलिस’ या बँडचे गिटारवादक अँडी समर्स यांच्या इलेक्ट्रिक मिस्ट्रेसचे दाखले नेहमी दिले जातात, पण त्यांच्या गिटारला जोडलेल्या उपकरणांच्या साखळीत कॉम्प्रेसर होता, टेप इको होता, आणि त्यानंतर स्टुडिओचे मिक्सिंग. त्या एकत्र आवाजातून पेडलचा वाटा कानाने वेगळा काढता येत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष तुलना करायची आहे त्यांनी स्वीप थांबवून करावी. इलेक्ट्रिक मिस्ट्रेसवर त्यासाठी फिल्टर मॅट्रिक्सची कळच आहे. इतर अनेक पेडलवर डेप्थ (स्वीप किती पसरेल ते ठरवणारे बटण) शून्यावर आणली की तेच होते. मग दोन्ही पेडलचा विलंब कानाने जुळवावा, फीडबॅक जुळवावा आणि आवाजाची पातळी मीटर लावून समान करावी, कारण एखाद्या डेसिबलने मोठे वाजणारे पेडल नेहमीच अधिक भरदार वाटते. मी हे जितक्या वेळा केले तितक्या वेळा शेवटी उरला तो वरच्या सुरांतला थोडा फरक आणि मागची सळसळ, आणि ती सळसळ जुन्यात जास्त होती.