भोकरदनचे सहा जण

'निरपराध माणूस शेवटी सुप्रीम कोर्टात सुटतोच, मग फाशी रद्द कशाला?' हा फाशीवरच्या एका लेखातला मुद्दा काही पटला नाही. आपल्याच जालना जिल्ह्यातलं भोकरदनचं प्रकरण बघा. २००३ साली शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच खून, बलात्कार. भयंकरच. पकडले कोण, तर भटक्या समाजातले सहा जण. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, हायकोर्टाने त्यातल्या तिघांची जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही परत फाशीचीच शिक्षा दिली! म्हणजे वर गेल्यावर चूक सुधारली नाही, वाढली. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून भलतेच चौघे ओळखले होते. त्यांच्यामागे कोणी गेलंच नाही. हा कागद पहिल्यापासून फाइलमध्ये होता, हे विशेष.

भरपाई प्रत्येकी ५ लाख. सोळा वर्षांचा हिशेब केला तर दिवसाला ८५-८६ रुपये. आमच्याकडे खुरपणीलाही या पैशात कोणी येत नाही. आणि मधल्या दहा वर्षांत फाशी उरकली असती, तर हे ५ लाख कोणाच्या हातात ठेवले असते? शिवाय खरे खुनी कोण, ते राहिलंच.